भांडी घासण्याचा हिशेब

घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, भांडी धुण्याच्या यंत्रावरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ४०,००० रुपयांचे यंत्र त्या हिशेबाने सुमारे ३६,९०० रुपयांना पडते. आमच्या चिंचवडच्या सोसायटीत तेव्हापासून एकच प्रश्न ऐकू येतो: बाई परवडते की मशीन?

मी आयटीआय केलेला फिटर. भोसरीच्या कारखान्यांत तीस वर्षे मोजमाप केले, बाकीचे शिक्षण ग्रंथालयात झाले. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मोजूनच काढावे असे मी उन्हाळ्यातच ठरवले होते. त्याचा हा वृत्तांत.

आधी बाहेरचे मोजमाप पाहू. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात प्राध्यापक राइनर श्टामिंगर यांनी सात युरोपीय देशांतल्या ११३ जणांना बारा माणसांच्या जेवणाची भांडी हाताने धुवायला लावली. सरासरी १०३ लिटर पाणी आणि अडीच युनिट ऊर्जा लागली. तेवढीच भांडी यंत्राने सुमारे १५ लिटर पाण्यात आणि १ ते २ युनिटांत धुतली. यंत्राच्या बाजूने बोलणारे पुढे हाच दाखला देत आले.

पण यातली अडीच युनिटे गेली कुठे? एक युनिट वीज ८६ लिटर पाणी १० अंशांनी तापवते. म्हणजे अडीच युनिटांत १०३ लिटर पाणी सुमारे २१ अंशांनी तापते. ही ऊर्जा मुख्यतः पाणी तापवण्याची आहे. युरोपात भांडी गरम पाण्याने धुतात. आपल्याकडे टाकीतून येईल त्या पाण्याने. आपल्या सिंकमध्ये विजेचा खर्च शून्य आहे. विजेच्या बाबतीत यंत्र इथे हरते. राहिले पाणी.

पाण्यासाठी मी सिंकखालचा पाइप सोडवून त्याखाली वीस लिटरची बादली ठेवली. घरात आम्ही चौघे, दोन वेळचा स्वयंपाक आणि पहिल्या पाळीचे दोन डबे. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या पद्धतीने, नळ सोडून, दिवसाला सरासरी ७४ लिटर पाणी गेले. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः घासली: खरकटे आधी पुसून काढायचे, एका टबात साबणाचे पाणी, दुसऱ्यात विसळण, शेवटी बारीक धार. २८ लिटर लागले. भारतीय मानक आयएस ११७२ मध्ये भांड्यांसाठी माणशी १० लिटर धरतात. चौघांचे ४० झाले. म्हणजे आमची सवय मानकाच्या जवळजवळ दुप्पट होती.

तिसरे मोजमाप मोशीला मेहुण्याच्या घरी केले. त्याचे यंत्र एका फेरीला १२ लिटर पाणी आणि १.२ युनिट वीज घेते. दिवसाची एक फेरी पुरते. मात्र सगळी भांडी आत जात नाहीत. यंत्राची पावडर तीव्र अल्कधर्मी असते. तिने ॲल्युमिनियमचा कुकर काळवंडतो, लोखंडी तवा व कढई गंजतात, तांब्यापितळेची झळाळी जाते. परातीने खालच्या खणातली जागा अडते. ही भांडी हाताने घासायला १५ लिटर आणि वीस मिनिटे लागली. यंत्राच्या घरातले एकूण पाणी २७ लिटर, माझ्या दोन टबांचे २८.

म्हणजे पाणी वाचवायला यंत्र लागत नाही. नळ बंद करावा लागतो. दिवसाला ४६ लिटर, वर्षाला सुमारे १६,८०० लिटर. आपल्या शहरात हा आकडा लहान नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीला शुद्ध केले जाते. धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या पोलीस गोळीबारात तिघांचा जीव गेला. आपल्या मोरीत जाणारे पाणी कोणाच्या तरी शिवारातून येते.

दोन टबांचा शोध मी मोठ्या उत्साहाने आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना सांगितला. त्या म्हणाल्या, "दादा, नळ बंद करून घासायला वेळ जास्त लागतो. पुढच्या चार घरांना उशीर होतो, त्याचं काय?" मी घड्याळ लावले. एका वेळच्या भांड्यांना नळ सोडून ३५ मिनिटे, टब वापरून ४०. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी पाणी मोजले, त्या पाण्याबरोबर जाणारा वेळ मोजला नव्हता.

आता पैशांचा हिशेब. यंत्र दहा वर्षे टिकेल असे धरू: महिना ३०८ रुपये. वीज १० रुपये युनिट धरली तर ३६० रुपये. पावडर, पाण्याचा जडपणा घालवणारे मीठ आणि चकाकीचे द्रावण मिळून फेरीला १५ रुपये, म्हणजे ४५० रुपये. दुरुस्तीसाठी १००. एकूण १,२१८ रुपये. दुसरीकडे मावशींना दोन वेळच्या भांड्यांचे आम्ही १,२०० रुपये देत होतो. साबण-घासणीचे १०० धरून १,३००. कागदावर यंत्र ८२ रुपयांनी स्वस्त.

पण यंत्राबाहेर उरलेली वीस मिनिटांची भांडी महिन्याला दहा तास होतात. ती कोण घासणार? मेहुण्याच्या घरी त्याची बायको घासते, म्हणून त्याच्या हिशेबात ती नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवताना आढळल्या, तर पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काम ८१.२ टक्के स्त्रिया करत होत्या, पुरुष फक्त २६.१ टक्के. घरच्या बाईचा तास आपण शून्य रुपयांना धरतो.

आणि बाहेरच्या बाईचा? मावशी महिन्यात २८ दिवस येत, रोज ७० मिनिटे. म्हणजे जवळपास ३३ तास. १,२०० भागिले ३३: तासाला सुमारे ३७ रुपये. सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या दराने रिक्षा पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये घेते. मावशींच्या एका तासात रिक्षा सव्वादोन किलोमीटरही जात नाही. हा भागाकार मी दोनदा करून पाहिला.

हाताने घासणे स्वस्त पडते ते हा तास स्वस्त आहे म्हणून. हे बायकांना कधीच कळलेले आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी पगारवाढ आणि सुट्टीसाठी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तरीही घरोघरचा दर आजही दारात, उभ्या उभ्या ठरतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कामाच्या बायका येईनाशा झाल्या तेव्हा कित्येक घरांना या कामाचे वजन पहिल्यांदा कळले.

मग यंत्र कोणी घ्यावे? दोघेही नोकरीला, मदतीला कोणी नाही, जेवण स्टीलच्या ताटवाट्यांतले आणि घरात मनगट-पाठीचे दुखणे असेल, त्यांनी जरूर घ्यावे, आणि पूर्ण भरूनच चालवावे. अर्धे भरलेले यंत्र पाणी, वीज, पावडर तिन्ही वाया घालवते. फक्त उरलेली कढई-कुकर कोण घासणार हे यंत्र घेण्याआधी ठरवावे. पगार वाचेल म्हणून घेणाऱ्यांनी मात्र वरचा भागाकार आपल्या घराच्या आकड्यांनी एकदा करावा.

आम्ही यंत्र घेतले नाही. मावशी आता फक्त सकाळची भांडी घासतात, टब वापरून, त्याच १,२०० रुपयांत. त्यांचा तास ६४ रुपयांवर गेला. फार नाही, हे मला कळते. रात्रीची भांडी मी घासतो. पहिल्याच आठवड्यात बायकोने दोन पातेली परत केली. तळाशी करपलेले दूध राहिले होते.