परमुलखातील बसप्रवास

बस हे सामान्य माणसाचे वाहन आहे. कामावर जाणारा मजूर, बाजाराला निघालेली गृहिणी, शाळेतून परतणारी मुले आणि दवाखान्यात जाणारे वृद्ध या सर्वांना ती सारखीच उपयोगी पडते. आपल्या गावात बसने जाणे इतके अंगवळणी पडलेले असते, की त्यासाठी काही ज्ञान लागते याची जाणीवही होत नाही. कोणती बस कोठे जाते, थांबा कोठे आहे, वाहकाला काय सांगायचे आणि केव्हा उठून दाराकडे सरकायचे, हे सारे न शिकताच आलेले असते. परंतु पोटापाण्यासाठी माणूस परमुलखात गेला, की हेच साधे काम अवघड होऊन बसते. बस तीच असते, रस्ताही तसाच असतो. मात्र पाटीवरची लिपी आणि कानांवर पडणारी भाषा निराळी असते.

भारताच्या राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही संचार करण्याचा आणि कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क दिला आहे. या हक्काचा आधार घेऊन लक्षावधी माणसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असतात. मराठी माणूसही त्याला अपवाद नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर आणि आटपाडी हे पूर्वापार दुष्काळी तालुके. तेथील अनेक कुटुंबे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी देशभरातील शहरांत जाऊन स्थायिक झाली. पुढे शिक्षण, बांधकाम, कारखाने आणि संगणक क्षेत्रातील नोकऱ्या यांसाठी मराठी तरुण-तरुणी दक्षिणेकडे जाऊ लागल्या. कर्नाटकाची राजधानी बंगळुरू हे अशा स्थलांतराचे एक मोठे केंद्र आहे.

या शहराशी मराठी माणसाचा संबंध तसा जुना आहे. केंपेगौडा यांनी सोळाव्या शतकात वसवलेले हे शहर 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाही सैन्याने जिंकले आणि पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आले. मात्र इतिहासातील हे नाते माहीत असले, तरी रोजच्या प्रवासात त्याचा उपयोग होत नाही. तेथे पाटी वाचता यावी लागते आणि चार शब्द बोलता यावे लागतात. नव्याने आलेल्या माणसाचा प्रवास कसा घडतो, हे पाहण्यासाठी दक्षिण बंगळुरूतील बसवनगुडी या वस्तीचे उदाहरण घेता येईल.

बसवनगुडी ही बंगळुरूतील जुन्या वस्त्यांपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ पेठेतील दाटी वाढली होती. त्यातच 1898 मध्ये शहरात प्लेगची साथ आली. त्या काळात मोकळे रस्ते आणि हवेशीर घरे असलेल्या ज्या नव्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांत मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या प्रमुख होत. वस्तीचे नाव तेथील देवळावरून पडले आहे. कन्नड भाषेत ‘बसव’ म्हणजे बैल अथवा नंदी आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. बसवनगुडी म्हणजे नंदीचे देऊळ. मराठी माणसाला ‘गुडी’ ऐकून पाडव्याची गुढी आठवते; परंतु या दोन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत. या देवळात एकाच शिळेतून कोरलेला भव्य नंदी आहे. दरवर्षी कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारी तेथे भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. तिला ‘कडलेकाई परिषे’ असे म्हणतात. बैलाने शेंगांचे पीक खाऊ नये म्हणून शेतकऱ्यांनी पहिले पीक त्यालाच अर्पण करण्याची प्रथा सुरू केली, अशी त्यामागची लोककथा आहे.

एका नावाचा अर्थ कळला, की नकाशा हळूहळू बोलू लागतो. ‘दोड्ड’ म्हणजे मोठा आणि ‘चिक्क’ म्हणजे लहान. ‘होस’ म्हणजे नवा, ‘केरे’ म्हणजे तळे आणि ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. त्यामुळे बसवनगुडीच्या जवळच्या ‘होसकेरेहळ्ळी’ या भागाचे लांबलचक नाव ‘नव्या तळ्याचे खेडे’ असे सोपे होऊन जाते. ‘चिक्कपेटे’ या नावात मराठीतील ‘पेठ’ भेटते. अर्थ समजलेले नाव लक्षात राहते आणि लक्षात राहिलेले नाव वाहकाला नीट सांगता येते.

बंगळुरूतील शहर बससेवा बंगळुरू महानगर परिवहन महामंडळ चालवते. 1997 मध्ये कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळातून शहराच्या सेवेसाठी ही स्वतंत्र संस्था निर्माण झाली. शहराच्या मध्यभागी असलेल्या मुख्य बसस्थानकाला केंपेगौडा यांचे नाव आहे. लोक मात्र त्याला ‘मॅजेस्टिक’ म्हणतात, कारण त्या परिसरात या नावाचे चित्रपटगृह होते. अधिकृत नाव एक आणि तोंडी नाव दुसरे, ही गोष्ट प्रत्येक शहरात असते. नवख्याने दोन्ही नावे जाणून घेतलेली बरी.

बसच्या पाटीवरील मार्गक्रमांक बहुधा 1, 2, 3 या आंतरराष्ट्रीय अंकांत असतो. ठिकाणाचे नाव कन्नड लिपीत असते आणि पुष्कळ गाड्यांवर ते इंग्रजीतही दिलेले असते. तेव्हा अंक ओळखणारा माणूस निम्मी पाटी वाचू शकतो. मात्र अंकावर पूर्ण भिस्त ठेवून चालत नाही. पुष्कळ क्रमांकांना एखादे अक्षर जोडलेले असते. क्रमांक तोच असला आणि अक्षर बदलले, तर वाट किंवा शेवटचा थांबा बदलू शकतो. शिवाय जाणाऱ्या आणि येणाऱ्या बसचा क्रमांक एकच असतो. रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभे राहिल्यास योग्य क्रमांकाची बसही माणसाला उलट दिशेला नेते. म्हणून क्रमांक, अक्षर आणि दिशा या तिन्ही गोष्टी पाहून बसमध्ये चढावे.

कन्नड लिपी प्रथम पाहताना सारी अक्षरे गोल आणि एकसारखी वाटतात. प्रत्यक्षात देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या प्राचीन ब्राह्मी लिपीपासून विकसित झाल्या आहेत. दोन्हींमध्ये अक्षरांचा क्रम क, ख, ग, घ असाच आहे आणि मराठीत जशी बाराखडी, तशी कन्नडमध्ये ‘कागुणित’ आहे. मराठीतील ‘ळ’ हा ध्वनीही कन्नडमध्ये आहे. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांसारखे काही स्वर मात्र मराठी लिपीत नाहीत. ते तेवढे नव्याने शिकावे लागतात. अक्षरांचे आकार नवे असले, तरी त्यांमागची रचना ओळखीची आहे. दररोज थांब्यावर उभे असताना समोरच्या पाटीवरील एक अक्षर ओळखण्याचा नेम ठेवला, तर काही महिन्यांत ठिकाणांची नावे वाचता येऊ लागतात.

मोठेपणी वाचायला शिकलेल्या माणसाला या अनुभवाची विशेष ओळख असते. अक्षर येत नसताना प्रत्येक पाटीसमोर थांबून दुसऱ्याला विचारावे लागते. चुकीची बस पकडली, तर भाडे आणि वेळ दोन्ही वाया जातात. कामावर उशीर झाल्यास मजुरीही बुडते. त्याहून अधिक बोचते ती संकोचाची भावना. परमुलखात गेल्यावर पदवीधर माणसालाही नेमका हाच अनुभव येतो. त्याची पदवी त्याच्याजवळ असते, परंतु थांब्यावरच्या पाटीपुढे तो निरक्षर ठरतो. निरक्षरता हा बुद्धीचा दोष नसून ती केवळ एक परिस्थिती आहे आणि प्रयत्नाने ती पालटता येते, हे सत्य अशा वेळी उमगते. ज्याने एकदा प्रौढ वयात एक लिपी आत्मसात केली, त्याला दुसरी लिपी शिकण्याचे भय वाटण्याचे कारण नाही.

लिपी येईपर्यंत बोली उपयोगी पडते. बसमध्ये लागणारे शब्द फार थोडे आहेत. ‘ई बस गांधी बजारगे होगुत्ता?’ म्हणजे ‘ही बस गांधी बाजारला जाते का?’ येथे ‘गे’ हा प्रत्यय मराठीतील ‘ला’ या प्रत्ययाचे काम करतो, तर ‘इंद’ हा प्रत्यय ‘हून’ किंवा ‘पासून’ या अर्थी येतो. वाहक ‘एल्लिगे?’ असे विचारतो, तेव्हा ‘कोठे जायचे?’ हा त्याचा प्रश्न असतो. ‘एष्टु?’ म्हणजे ‘किती?’ आणि ‘मुंदे होगि’ म्हणजे ‘पुढे जा’. सुट्या पैशांना कन्नडमध्ये ‘चिल्लरे’ म्हणतात, ते मराठी माणसाला निराळे सांगावे लागत नाही. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ ही संबोधनेही दोन्ही भाषांत आहेत. कन्नड ही द्राविडी कुळातील आणि मराठी ही आर्य कुळातील भाषा. तरीही शेकडो वर्षांच्या शेजारामुळे त्यांच्यात शब्दांची देवाणघेवाण झाली आहे.

शब्द शिकताना आदरार्थी रूपाकडे लक्ष द्यावे. मराठीत ‘दे’ आणि ‘द्या’, ‘ये’ आणि ‘या’ यांत जो फरक आहे, तोच कन्नडमध्ये ‘कोडु’ आणि ‘कोडि’, ‘बा’ आणि ‘बन्नि’ यांत आहे. वाहकाला ‘टिकेट कोडु’ म्हटले, तर ‘तिकीट दे’ असे एकेरी बोलल्यासारखे होते. ‘टिकेट कोडि’ म्हटले, की तेच वाक्य सभ्य होते. नवख्याच्या उच्चारातील चूक लोक हसून सोडून देतात. अनादर मात्र मनाला लागतो. म्हणून सर्वांत आधी आदराची रूपे शिकणे हिताचे असते.

भाषेबरोबर तेथील रीतही समजून घ्यावी लागते. बंगळुरूच्या साध्या बसमध्ये पुढील भागातील आसने स्त्रियांसाठी राखीव असतात आणि पुरुषांनी मागील दाराने चढावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. सुटे पैसे नसल्यास वाहक कित्येकदा उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतो. ती रक्कम उतरण्यापूर्वी मागून घ्यायची असते. भाषा येत नाही म्हणून संकोचणारा माणूस अनेकदा ती न मागताच उतरतो आणि हक्काचे पैसे गमावतो. आता भ्रमणध्वनीवरून भाडे देण्याची सोय झाल्यामुळे ही अडचण काहीशी कमी झाली आहे.

सवलतींचे नियमही राज्याराज्यांत वेगळे असतात. महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून राज्य परिवहनाच्या बसमध्ये स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत सुरू झाली. कर्नाटकात 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेखाली शासकीय साध्या बसमध्ये स्त्रियांचा प्रवास निःशुल्क करण्यात आला. परंतु ही सवलत कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांसाठी असून त्यासाठी ओळखपत्र दाखवावे लागते. सोलापूरहून आलेल्या एखाद्या मुलीच्या शेजारी बसलेली स्त्री शून्य रकमेचे तिकीट घेते, तेव्हा त्या मुलीने आपल्यावर अन्याय झाला असे समजण्याचे कारण नाही. नियम आधी माहीत असला, म्हणजे वाहकाशी वाद होत नाही आणि मनात कटुताही राहत नाही.

या साऱ्याची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. मुंबईत 15 जुलै 1926 रोजी बससेवा सुरू झाली. तेथील बेस्टच्या बसच्या पुढील पाटीवर क्रमांक आणि ठिकाण देवनागरीत लिहिण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली आहे. मराठी माणसाला त्यात मोठा जिव्हाळा वाटतो आणि ते योग्यच आहे. परंतु कर्नाटकातून अथवा तमिळनाडूतून मुंबईत आलेल्या कामगाराला देवनागरीतील ५ आणि ६ हे अंकही प्रथम परकेच वाटतात. बंगळुरूत मराठी माणूस जेथे उभा असतो, तेथेच मुंबईत तो कामगार उभा असतो. प्रत्येक राज्याने आपल्या भाषेत पाट्या लावणे हा त्या राज्याचा स्वाभाविक अधिकार आहे. ती भाषा शिकणे हे तेथे राहू इच्छिणाऱ्याचे काम आहे. आणि ती शिकेपर्यंत त्याला न हिणवता वाट दाखवणे हे तेथील माणसाचे काम आहे.

दोन भाषांत वावरल्याने माणसाचे मन किती मोठे होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कन्नड कवी द. रा. बेंद्रे. त्यांचा जन्म 1896 मध्ये धारवाड येथे मराठी बोलणाऱ्या घरात झाला. त्यांनी कन्नडमध्ये काव्यरचना केली आणि 1973 च्या ज्ञानपीठ पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. सोलापूरच्या महाविद्यालयात त्यांनी बरीच वर्षे अध्यापन केले. सर्वांनाच असे कर्तृत्व दाखवता येणार नाही. परंतु शेजारच्या भाषेतील चार वाक्ये शिकणे प्रत्येकाला शक्य आहे.

परमुलखातील बस ही नव्या भाषेची एक शाळाच असते. तेथे दररोज तेच थांबे येतात, तेच शब्द कानांवर पडतात आणि तीच माणसे भेटतात. पुनरावृत्तीमुळे अभ्यास आपोआप होतो. प्रथम माणूस दुसऱ्याला विचारून बसमध्ये चढतो, मग क्रमांक पाहून चढतो, मग पाटी वाचून चढतो. पुढे एखाद्या दिवशी थांब्यावर उभा असलेला कोणी नवखा त्यालाच विचारतो, ‘ई बस गांधी बजारगे होगुत्ता?’ त्याला उत्तर देता आले, म्हणजे त्या शहरात त्याचे पाऊल स्थिरावले असे समजावे.