व्यापाऱ्याचा प्रश्न, प्राध्यापकाचे गणित

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरसारख्या गावी कांदा-बटाट्याचा व्यापार करणाऱ्यापुढे नेहमीचा एक प्रश्न असतो : हाती असलेला माल मंचर, चाकण, पुणे आणि वाशी यांपैकी कोणत्या बाजारात किती पाठवावा? गाड्या मोजक्या, भाडे निराळे, भाव निराळे. चार बाजारांपुरता अनुभवी व्यापाऱ्याचा अदमास पुरतो. शेकडो गोदामे आणि हजारो दुकाने असली की तो अपुरा पडतो. गणितात या प्रश्नाला ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. त्याच्या उत्तराला नवी दिशा देणारे संगणकशास्त्रज्ञ म्हणजे नरेंद्र करमरकर.

ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले करमरकर १९७८ साली मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियंता झाले. पुढे अमेरिकेत कॅलटेक येथे शिकून १९८३ मध्ये त्यांनी बर्कले विद्यापीठात रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. लहानमोठे नग कमीत कमी पेट्यांत कसे बसवावेत, या प्रश्नावरही १९८२ मध्ये या गुरुशिष्यांनी महत्त्वाचे संशोधन केले.

व्यापारातील सर्व मर्यादा एकत्र मांडल्या, तर पैलूदार हिऱ्यासारखी आकृती तयार होते. सर्वाधिक नफ्याचा पर्याय तिच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतो. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ सालची सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने, कोपऱ्यामागून कोपरा तपासत जाते. ती बहुधा झटपट चालते. परंतु क्ली आणि मिंटी यांनी १९७२ मध्ये अशी उदाहरणे रचली, की तिला एकूण एक कोपरा फिरावा लागावा. तेथे २० राशींसाठी १०,४८,५७६ कोपरे होतात आणि प्रत्येक नव्या राशीगणिक ते दुप्पट होतात. सोव्हिएत गणितज्ञ खाचियान यांनी १९७९ मध्ये यावर तात्त्विक तोडगा दिला, पण प्रत्यक्ष हिशेबात तो मंद ठरला.

बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना करमरकरांनी १९८४ साली हिऱ्याच्या पोटातूनच वाट काढली. ही पद्धत तत्त्वतः खात्रीची होती आणि व्यवहारातही वेगवान. तिच्यावर आधारित यंत्रणा एटी अँड टी कंपनीने १९८८ मध्ये ८९ लाख डॉलरला विक्रीस काढली. त्याच वर्षी या पद्धतीस पेटंट मिळाले आणि गणिताच्या रीतीवर कुणाची मालकी असावी काय, असा वाद पेटला. आज सिम्प्लेक्स आणि ‘आतली वाट’ या दोन्ही पद्धती नियोजनाच्या संगणकप्रणालींत शेजारी शेजारी नांदतात.

पुढे करमरकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. तेथे प्रक्षेपी भूमितीच्या आधारे महासंगणकाची नवी रचना हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता.

घरातील मुलाने वा मुलीने संशोधनाची इच्छा दर्शविली, की ‘मग पेढी कोण सांभाळणार?’ हा प्रश्न प्रथम ओठांवर येतो. तो अनाठायी नाही. पिढ्यांचे श्रम त्यामागे असतात. परंतु रिकामी धावणारी गाडी आणि वाया जाणारे भाडे वाचवणे हे पेढीचेच काम आहे, आणि जगातील उत्तम गणितज्ञ त्यासाठीच आयुष्य वेचत आले आहेत. तेव्हा, सुज्ञ वाचकहो, नकार देण्यापूर्वी त्या मुलाला नेमके काय शिकायचे आहे, एवढे तरी निवांतपणे ऐकून घ्यावे.