एकाच बाईनं किती दारं ठोठवायची?

आमच्या वाड्यावरच्या एका मावशीला नवरा मारायचा. डॉक्टरांनी मलम दिलं, पोलिसांनी समजूत घातली, फादरनी प्रार्थना केली. तिघं एकमेकांशी मात्र कधी बोलले नाहीत. मावशी परत त्याच घरात, तोच मार खायला.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा नेमकी हीच साखळी जोडतो. संरक्षण अधिकारी तिची हकिकत अहवालात लिहून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. प्रत पोलिसांना जाते. मोफत वकील, उपचार, निवारा मिळवून देणं हेही त्याचंच काम. डॉक्टरांनी केलेली जखमेची नोंद कोर्टात पुरावा ठरते. घर नवऱ्याच्या नावावर असलं, तरी तिथं राहण्याचा हक्क तिला आहे.

आणि आपण? शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. १८१ हा नंबर पाठ ठेवा. मला तेव्हा तो माहीत नव्हता.