रक्ताची तपासणी आणि समाजाची परीक्षा

घराणे पाहून सोयरीक जुळविण्याची आपली रीत जुनी. रक्तात नेमके काय उतरते हे सांगणारे शास्त्र मात्र अलीकडचे. विदर्भातील व नंदुरबारकडील आदिवासी आणि अन्य समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल व्याधीमुळे हे शास्त्र आता खेड्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले आहे.

या व्याधीत हिमोग्लोबिनमधील एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरेच येते. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्ण वेदनेने तळमळतो. सदोष जनुक आईवडील दोघांकडून आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक ठरते. वाहक सहसा निरोगीच असतो. त्याला हिवतापापासून काहीसे संरक्षणही लाभते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले. दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक गर्भारपणी रुग्ण अपत्याची शक्यता चारांत एक असते.

जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. ते स्तुत्यच होय. परंतु तपासणीचा कागद मुलीच्या लग्नाआड येणार असेल, तर लोक तपासणीकडेच पाठ फिरवतील. वाहक असणे हा कलंक, ही समजूत शास्त्राने दिलेली नाही. म्हणूनच चाचणी वधू आणि वर दोघांचीही व्हावी, निष्कर्ष गुप्त राहावा. आणि गावच्या शिक्षकाने चारांत एकाचा हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. मोहिमेचे निम्मे काम तेथेच होईल.