३७.३३ सेकंद

मुरलीकांत पेटकर हे नाव आता घरोघरी पोहोचले आहे. २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ आला आणि जे काम आमच्यासारख्यांना वर्षानुवर्षे लेख लिहून जमले नाही ते त्या सिनेमाने केले. आमच्या अंबाडी नाक्यावर चहा पिणाऱ्या पोरांना विचारा, ती १९६५ च्या युद्धाचे सांगतील, अंगात घुसलेल्या गोळ्यांचे सांगतील. पोहण्याचे विचारले की मात्र ‘गोल्ड मिळालं ना काका’ एवढ्यावर गोष्ट संपते. माझे कुतूहल नेमके तिथून सुरू होते. ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला हा माणूस ५० मीटर पोहला कसा? १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात गावसकरांनी काढलेल्या ७७४ धावांवर आपण अजून तासन्‌तास बोलतो. वर्षभरानंतरच्या त्या पोहण्यावर पाच मिनिटेही बोलत नाही.

बाकीची हकिगत थोडक्यात सांगतो. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लहानपणी कुस्ती, मग सैन्यात भरती, ‘ईएमई’ कोअरमध्ये क्राफ्ट्समन, तिथे बॉक्सिंग. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचा भाग निकामी झाला. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. परदेशी जाण्याच्या खर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हातभार होता. १९७० मध्ये एडिंबरोच्या कॉमनवेल्थ पॅराप्लेजिक स्पर्धेत पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य. पुढे पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी. झाले, आता पाण्यात उतरू.

पेटकर पाण्याकडे वळले ते उपचार म्हणून. कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात त्यांना व्यायामासाठी पोहायला सांगितले गेले. यात काय शहाणपण आहे हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळे समजावावे लागत नाही. अंबाडीहून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागले की पुढे अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे. गुडघे धरलेली, काठीवाचून पाऊल न टाकणारी म्हातारी माणसे तिथे लांबून येतात आणि कुंडात उतरली की पाय सहज हलवायला लागतात. ऊब हे एक कारण आहेच, पण मोठे कारण वजनाचे. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा पेलावा लागतो. बाकीचे पाणी पेलते. जमिनीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या तरुण बॉक्सरला पाण्यात स्वतःचे शरीर पुन्हा स्वतःच्या ताब्यात मिळाले असणार. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना खेळायला लावले तेही उपचार म्हणूनच. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन होत असताना, त्यांनी तिथे १६ जणांची तिरंदाजी घेतली. पॅरालिम्पिकचे मूळ तिथे आहे.

पण तरंगणे वेगळे आणि शर्यत मारणे वेगळे. तानसा नदीवर आम्ही भोपळे बांधून शिकलो, तेव्हा काठावरचे काका एकच ओरडत असत, ‘पाय झाड, पाय!’ फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचे बहुतेक काम खरे तर हातच करतात. मग पायांचा आग्रह कशाला? छातीत फुफ्फुसे आहेत, त्यांत हवा आहे, म्हणून छाती तरंगते. मांड्या-पोटऱ्यांना तो आधार नाही, त्या खाली जातात. पाय झाडल्याने त्या वर राहतात आणि शरीर पाण्याच्या पृष्ठाशी सपाट राहते. ते थांबले की अंग तिरपे होते आणि समोरच्या पाण्याला जास्त छाती-पोट भिडते. यात पाण्याचा हिशेब क्रूर आहे. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर विरोध २१ टक्क्यांनी वाढतो आणि त्यासाठी ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते.

हे वाचून समाधान होईना, म्हणून एका दिवाळीनंतर, नदीचे पाणी निवळल्यावर, मी घोटे पंचाने बांधून वज्रेश्वरीजवळच्या डोहात उतरलो. कमरेला दोर होता आणि तो धाकट्या भावाने धरला होता. कुणी एकट्याने हे करू नये. पहिल्या चार हातांतच पाय घागरीसारखे खाली ओढू लागले. श्वासासाठी मान वळवली की खालचे अंग उलट बाजूला झोल खाई. तो झोल आवरायला मी पोटाचे स्नायू आवळत होतो. तेही ज्याला साथ देत नसतील त्याने काय करायचे? पेटकरांना कंबरेखालून काहीच मदत नव्हती. भिंतीला लाथ मारून वेग घेणेही नाही. जे करायचे ते खांद्यांनी, दंडांनी आणि पाण्यात तळहात किती खोल, कोणत्या कोनात घालायचा या समजुतीने. माझे मत असे की इथे बॉक्सिंग कामाला आले. ठोसा खांद्यातून, पाठीतून येतो हे ज्याच्या अंगात मुरले आहे, तो पाणीही नुसत्या मनगटाने ओढणार नाही.

हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये चाळीसहून अधिक देशांचे खेळाडू होते. ऑलिम्पिक म्युनिकला असूनही ही स्पर्धा तिथे झाली नाही. खेळाडूंच्या वसाहतीच्या घरांचा ताबा पुढे द्यायचा होता, तेव्हा हायडेलबर्गने यजमानपद घेतले. अपंगत्वानुसार पाडलेल्या गट ३ च्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत भिंत गाठली. सुवर्ण आणि जागतिक विक्रम. सेकंदाला सुमारे १.३४ मीटर, ताशी ४.८ किलोमीटर. झपझप चालणाऱ्या निरोगी माणसाइतका वेग, तोही पाण्यात आणि फक्त हातांनी. त्याच ऑगस्टच्या अखेरीस म्युनिकला मार्क स्पिट्झची सात सुवर्णपदकांची मोहीम सुरू झाली. १०० मीटरमधला त्याचा वेग सेकंदाला १.९५ मीटर होता. स्पिट्झचे हात आणि पाय दोन्ही काम करत होते आणि पेटकर त्याच्या वेगाच्या दोन तृतीयांशांपेक्षा थोडे पुढेच होते. मला हा आकडा पदकाहूनही मोठा वाटतो.

३७.३३ मधला शेवटचा आकडा शतांशांचा. पोहण्यात शतांश सेकंद म्हणजे काय, हे आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला विचारावे. २००८ ला सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिक, २०१० ला ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य. मग २०१८ ला जकार्तात ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये २२.४७ सेकंद आणि चौथा क्रमांक, कारण जपानचा पोहणारा २२.४६ मध्ये आला. त्या वेगाला एक शतांश म्हणजे दोन-सव्वादोन सेंटीमीटर. बोटाचे एक पेर. ती शर्यत मी पाहिली तेव्हा रात्री नीट झोप लागली नाही.

पेटकरांच्या वाटेने महाराष्ट्रातून पुढेही मोठी माणसे आली. सोलापूर जिल्ह्यातल्या सुयश जाधवचे दोन्ही हात विजेच्या धक्क्यामुळे कोपराखाली गेले. त्याचा प्रश्न पेटकरांच्या नेमका उलटा. पाय शाबूत, पण पाणी पकडणारा तळहातच नाही. २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने बटरफ्लायचे सुवर्ण घेतले. विदर्भातल्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ ला मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलेचे सुवर्ण जिंकले. त्यांना दिसत नाही. भिंत जवळ आली की काठावरचा टॅपर मऊ टोकाच्या काठीने डोक्याला स्पर्श करतो आणि तेवढ्या इशाऱ्यावर वळायचे.

पेटकरांना पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत, जीवनगौरव म्हणून. भारताला ऑलिम्पिकचे पहिले वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राने २००८ ला दिले, पॅरालिम्पिकचे त्याच्या ३६ वर्षे आधी आले होते. उशीर झाला तो झाला, पण सत्काराच्या प्रत्येक व्यासपीठावर त्यांना गोळ्यांबद्दलच विचारले जाते याची मला चुटपुट लागते. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या जलतरण प्रशिक्षकाने टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्यासमोर बसावे आणि विचारावे: त्या ५० मीटरांत श्वास किती वेळा घेतलात, कोणत्या बाजूने? पाय झोल खाऊ लागले की आधी कोणता हात सावरत होता? तळहात पाण्यात कुठे शिरायचा? ‘अश्विनी’त हे कुणी शिकवले, की स्वतःच शोधलेत? चाकांच्या खुर्चीतून तलावाच्या काठाशी येणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या आजच्या प्रशिक्षकांना ही उत्तरे हवी आहेत आणि ती देऊ शकणारा माणूस आपल्यातच आहे.