गाव सुटलं, ती रात्र सुटली नाही

दर हिवाळ्यात परळच्या रस्त्याकडेला तिबेटी माणसं स्वेटरची दुकानं मांडतात. दोन वर्षांपूर्वी विहारातल्या लहान मुलांसाठी कानटोप्या घ्यायला आम्ही महिला मंडळाच्या बाया तिथे गेलो होतो. सोबत नायगावच्या एक आजी होत्या. भाव ठरवता ठरवता दुकानातल्या बाईंशी बोलणं निघालं. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यानंतर त्यांची आई लहान असताना घरच्यांबरोबर बर्फातून चालत इकडे आली. दिवसा लपायचं, रात्री चालायचं. पुढे म्हातारपणीही त्या माउलीला पायात बूट घातल्याशिवाय झोप लागायची नाही.

आजी ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आमी बी रातीच निघालो व्हतो, बाई."

आजींच्या घरच्यांना एवढंच माहीत होतं, की त्यांच्या उशाशी कायम एक गाठोडं असतं. दोन लुगडी, रेशनकार्ड, थोडे पैसे, बाबासाहेबांचा छोटा फोटो. नातवंडं हसायची, सून वैतागायची. गाठोडं का बांधलंय, हे पंचेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याच देशातले निर्वासित

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. घरं जाळली, विहिरी नासवल्या, बायाबापड्यांवर हात टाकले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना हालहाल करून मारलं. हजारो माणसं रातोरात गाव सोडून रानात लपली. त्यातली कितीतरी पुढे मुंबईला आली, नातेवाइकांच्या दहा बाय बाराच्या खोलीत सामावली आणि गिरण्यांमध्ये बदलीवर लागली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. सोळा वर्षांचा लढा जिंकला, त्याचा इतिहास लिहिला गेला. पळून आलेल्यांच्या झोपेचं काय झालं, ते मात्र कुणी लिहिलं नाही.

जो माणूस देशाची सीमा ओलांडून जीव वाचवतो त्याला जग निर्वासित म्हणतं. १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार त्याच्यासाठी आहे, जरी भारताने त्यावर सही केलेली नाही. पण जो आपल्याच देशात, आपल्याच माणसांच्या भीतीने गाव सोडतो, त्याला कागदोपत्री नावच नसतं. संयुक्त राष्ट्रांनी १९९८ साली अशा अंतर्गत विस्थापितांसाठी मार्गदर्शक तत्त्वं केली. नाव काहीही द्या, मनाला होणारी जखम दोघांची एकच असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की संघर्षाची झळ लागलेल्या भागांत दर पाच माणसांत साधारण एकाला मानसिक आजार असतो.

आधी आमची चूक

आमच्यापैकी काहीजणी नर्स म्हणून वर्षानुवर्षं ओपीडीत आणि वॉर्डात राबल्या आहेत. म्हणून आधी आमची चूक कबूल करतो. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, झोप नाही, अशी तक्रार घेऊन वस्तीतल्या बाया यायच्या. ईसीजी काढला की नॉर्मल यायचा. 'काही नाही मावशी, टेन्शन घेऊ नका' म्हणत जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन आम्ही त्यांना घरी पाठवायचो. 'गाव कधी सोडलं? का सोडलं?' हा प्रश्न केसपेपरवर नव्हता आणि आम्हीही विचारला नाही.

हे नेमकं काय असतं?

आपल्या मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. त्याचं काम धोक्याची घंटा वाजवण्याचं. घंटा वाजली की काळीज धडधडतं, श्वास वाढतो, हातपाय पळायला तयार होतात. धोका टळला की घंटा थांबायला हवी. पण प्रसंग फार भयंकर असेल, तर ती पुन्हा पुन्हा वाजत राहते. साध्या आठवणीला तारीख असते, 'ते तेव्हा झालं' हे मनाला कळतं. अशा आठवणीची जणू तारीखच पुसली जाते. दिवाळीत फटाक्याची माळ लागली, जळका वास आला, रात्री दारावर थाप पडली, की ते आत्ताच घडतंय असं शरीराला वाटतं.

ही लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर त्याला आघातानंतरचा ताणविकार म्हणतात. डॉक्टर 'पीटीएसडी' लिहितात. घरात चार गोष्टी पाहा:

१. प्रसंग पुन्हा पुन्हा दिसणं, वाईट स्वप्नं पडणं, झोपेतून ओरडत उठणं.
२. त्या गावाचं, माणसांचं, दिवसाचं नाव टाळणं. गावच्या लग्नाला न जाणं.
३. सतत सावध असणं. बारीक आवाजाने दचकणं, चटकन संतापणं, कडी तीनतीनदा तपासणं.
४. मन बधिर होणं. कशातच आनंद नाही, 'मीच का वाचले?' असा अपराधीपणा.

लहान मुलं सांगू शकत नाहीत. ती पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात, आईला चिकटून राहतात, खेळात तोच प्रसंग परत परत खेळतात. पुरुषांमध्ये हे दुखणं पुष्कळदा दारूच्या मागे दडतं. झोप यावी म्हणून सुरू झालेला एक पेला हळूहळू घर गिळतो.

बाबासाहेबांनी हे लिहून ठेवलंय

आपल्यात एक समज आहे, की आपण लढणारी माणसं, आपल्याला असलं काही होत नाही. मग बाबासाहेबांकडेच पाहू या. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. जातीमुळे कुठे जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहिली आणि त्यांना बाहेर काढलं. राहायला छप्पर नाही म्हणून ते मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात ते सांगतात, की अठरा वर्षं झाली तरी तो देखावा डोळ्यांपुढून जात नाही आणि आठवला की डोळ्यांत पाणी येतं. मधल्या काळात महाडचा सत्याग्रह झाला होता, गोलमेज परिषदा झाल्या होत्या. परळच्या बीआयटी चाळीत राहून त्यांनी चळवळ उभी केली होती. आठवण दुखते म्हणून माणूस दुबळा ठरत नाही, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

बुद्धकाळातल्या पटाचारेची गोष्टही आपल्याला ठाऊक आहे. नवरा, दोन्ही लेकरं, आईवडील, भाऊ एकामागोमाग गेले आणि ती अंगावरच्या वस्त्राचंही भान हरपून फिरू लागली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिलं. कुणीतरी अंगावर पांघरायला वस्त्र दिलं आणि मग बोलणं झालं. आधी सुरक्षितता, मग मान, मग शब्द. आजही आघात झालेल्या माणसाला मदत करण्याचा क्रम हाच आहे.

घरच्यांनी काय करावं?

'विसर आता, किती वर्षं झाली' असं म्हणू नका. विसरता आलं असतं तर त्या कधीच विसरल्या असत्या. उलट, 'सगळं सांगच' म्हणून खणतही बसू नका. जबरदस्तीने बोलतं केल्याने जखम उघडी पडते. 'तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा, आम्ही आहोत' एवढं पुरे. सांगायला लागल्या तर मधे तोंड न घालता ऐका.

झटका आला, श्वास कोंडला, तर पाय जमिनीवर घट्ट टेकवायला सांगा. डोळे उघडेच ठेवा. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. 'आज अमुक वार आहे, आपण नायगावात आहोत, मी तुमची सून आहे' असं शांतपणे सांगा. आनापानाने खूप जणांना आराम पडतो, पण काहींना डोळे मिटले की तोच प्रसंग दिसतो. त्यांना बळेच ध्यानाला बसवू नका. ध्यान हे उपचाराच्या जागी नाही, सोबतीला आहे.

बाहेरचं लागलंय म्हणून भगताकडे, बुवाकडे नेऊ नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला हे शोभत नाही आणि अघोरी उपचार २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्याही आणू नका, त्यांची सवय लागते.

उपचार आहेत

केईएम, नायर, सायन, जेजे या सगळ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना लाजू नका. समुपदेशनाच्या ठरावीक बैठका असतात. त्यांत भीतीची आठवण हळूहळू, सुरक्षित जागी हाताळायला शिकवतात. गरज असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडू नका आणि बरं वाटल्यावर मनाने बंदही करू नका. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. जीव द्यायचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

हा उपकार नाही, हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो, की सरकारी मानसोपचार सेवा जात, धर्म, वर्ग न पाहता प्रत्येकाला मिळाली पाहिजे. १९७८ साली अ‍ॅट्रॉसिटी कायदा नव्हता, तो १९८९ साली आला. २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, पुनर्वसन, गरज पडल्यास दुसरीकडे स्थलांतर हे हक्क कलम १५अ मध्ये दिले. आजही गावातून कुणी असा जीव घेऊन तुमच्या खोलीवर आला, तर अ‍ॅट्रॉसिटीची हेल्पलाइन १४५६६ लक्षात ठेवा. जेवणखाण, तक्रार, वकील याबरोबर त्याला मानसोपचार ओपीडीतही न्या आणि तिथले कागद जपून ठेवा.

पुन्हा ते गाठोडं

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात आजींची खोली खाली करायची वेळ आली. सामान बांधताना बाकी सगळे नव्या घराच्या आनंदात होते आणि आजींची झोप पुन्हा उडाली. 'खाली करा' हे शब्द त्यांनी आधी एकदा ऐकले होते. या वेळी मात्र सुनेने ओळखलं. ती आम्हाला बोलवायला आली. आम्ही आजींना घेऊन मानसोपचार ओपीडीत गेलो. आता महिन्यातून एकदा जातो.

गाठोडं अजून उशाशी आहे. कुणी ते सोडायला सांगत नाही. मागच्या महिन्यात नातीने विचारलं, "आजी, यात फोटो का ठेवलास गं?" आजींनी तिला जवळ बसवलं आणि त्या रात्रीतलं सांगता येईल तेवढं सांगितलं. त्या रात्री सगळे झोपल्यावर आजीही झोपल्या, असं सून सांगते.

तुमच्या घरातही गाव सोडून आलेलं कुणी असेल. हसू नका, वैतागू नका. जवळ बसा आणि विचारा. वाट दिसली नाही तर रविवारी वंदनेनंतर विहारात या, आम्ही तुमच्याबरोबर ओपीडीत येऊ.

जयभीम, नमो बुद्धाय.