गमतीनंतरच्या गप्पा

दिवाळी आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची, असे भाऊबीजेपासून पुढे कितीतरी दिवस चालते. हलके धान निघालेले असते, हातात चार पैसे असतात, लेकी-जावई घरी आलेले असतात. दिवसा दुकाने, पाळणे आणि दंडार हे लोकनाट्य. रात्री खडीगंमत नाहीतर नाटक. लाखांदूर, साकोली, लाखनी, पवनी या पट्ट्यात रात्रीच्या कार्यक्रमाशिवाय मंडईला शोभा नाही. आणि कार्यक्रम कोणताही ठरो, लोकांची पहिली चौकशी असते ती हसवणारा कोण आहे याची. नायक-नायिकेचे नाव मागाहून विचारले जाते.

त्या हसवणाऱ्याबद्दल मला लिहायचे आहे. गेल्या काही वर्षांत मराठीत विनोदी नट आणि विनोदी लेखक यांच्या लांबलचक, मोकळ्या मुलाखती भरपूर होऊ लागल्या आहेत. दोन माणसे समोरासमोर बसतात आणि तास-दीड तास बोलतात. कामाविषयी, पैशाविषयी, बापाशी न झालेल्या बोलण्याविषयी, गर्दीतून घरी आल्यावर खायला उठणाऱ्या खोलीविषयी. या मुलाखती मी आवडीने ऐकतो, त्यातल्या काहींनी मला आधारही दिला आहे. पण त्यांचा नकाशा मांडून पाहिला तर तो मुंबई-पुण्याच्या बाहेर फारसा जात नाही. पूर्व विदर्भातल्या ज्या झाडीपट्टीत हंगामभर हजारो लोक रात्र रात्र जागून हसतात, तिथल्या हसवणाऱ्यासमोर बसून कोणी त्याला त्याचे आयुष्य विचारलेले क्वचितच आढळते.

मराठीतला या प्रकारचा मोठा दाखला म्हणजे दादा कोंडके यांचे 'एकटा जीव'. दादांनी सांगितले आणि अनिता पाध्ये यांनी ते शब्दांत बांधले. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने दादांना उभे केले. १९७१ च्या 'सोंगाड्या'ने त्यांना घराघरात नेले, आणि तोही सबनीसांच्याच लेखणीतून आला. म्हणजे दादांच्या उभारीला एक लेखक सोबत होता आणि आयुष्याचा हिशेब सांगतानाही समोर एक लेखिका होती. तरुणपणी थोड्याच काळात घरातली माणसे एकामागून एक गेली, अन्नपाणी आणि बोलणे सुटले, आणि त्या काळोखातून बाहेर पडताना लोकांना हसवायचे ठरवले, हे दादांनी स्वतः सांगितलेले आहे. ऐकणारी व्यक्ती समोर टिकून बसली नसती तर ते आपल्यापर्यंत कसे पोचले असते? मुलाखतकाराची धीराची बैठक ही मला मुलाखतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. प्रश्न हुशार नसले तरी चालतात.

विनोदी नट राम नगरकरांनी दुसरी वाट धरली. त्यांनी 'रामनगरी' स्वतःच लिहिले, ते एकपात्री प्रयोगातून सादर केले, आणि १९८२ साली कांतिलाल राठोड यांनी त्यावर चित्रपट काढला. नाभिक कुटुंबातल्या मुलाला जातीच्या धंद्यापायी जे सोसावे लागते, ते त्यांनी प्रेक्षकांना हसवत हसवत ऐकवले. मला हे पुस्तक अनेक गंभीर आत्मचरित्रांपेक्षा धीट वाटते, कारण अपमान झाला त्या जागेचे, त्या खुर्चीचे, त्या गिऱ्हाइकाचे त्यात वर्णन आहे. नुसते दुःख सांगून ते थांबत नाही. गणपत पाटलांचे मात्र वेगळे झाले. पडद्यावर तमाशातला नाच्या इतका हुबेहूब उभा केला की लोकांनी तो त्यांच्या घरादाराला चिकटवला. बायकामुलांनाही त्याचा ताप झाला. त्यांच्या या सोसण्याची खरी चर्चा उतारवयात आणि २००८ साली ते गेल्यावर झाली.

आजचे चित्र पुष्कळ मोकळे आहे. छोट्या पडद्यावर 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली सुरू झाले, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ साली. भाऊ कदम, अमरावतीकडचे भारत गणेशपुरे, समीर चौघुले, प्रसाद खांडेकर ही नावे घराघरात गेली. चौघुले आणि खांडेकर हे लिहितातही आणि करतातही. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात नटाची दमणूक आणि लेखकाची धास्ती दोन्ही उमटतात. दर आठवड्याला नवे हसू काढायचे, हे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा फार जड आहे. परदेशात मार्क मॅरन या विनोदवीराने २००९ साली इतर विनोदवीरांशी गप्पा सुरू केल्या आणि लवकरच लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये माइक लावला. २०१० साली रॉबिन विल्यम्स त्याच्याशी दारू, भीती आणि खचण्याविषयी मोकळेपणाने बोलले. २०१४ साली विल्यम्स गेले तेव्हा ती मुलाखत लोकांनी पुन्हा पुन्हा ऐकली. गॅरेजमधल्या त्या गप्पांना मोठा स्टुडिओ लागला नाही; घराची एक बाजू पुरली. साकोलीतल्या एखाद्या घराच्या ओसरीलाही ते जमेल.

झाडीपट्टीला गप्पांची परंपरा नव्याने शिकवायची गरज नाही. खडीगंमत म्हणजे मुळात उभ्या उभ्या रंगलेल्या गप्पाच आहेत. शाहीर, ढोलकीवाला, टाळकरी, बाईचे सोंग घेतलेला पुरुष आणि या सगळ्यांना अडवून उलटसुलट विचारणारा गमत्या. गण होतो, गौळण होते, मग सवाल-जबाब सुरू होतात आणि गमत्या गावातल्या पाटलापासून आमदारापर्यंत सगळ्यांना ओळीने घेतो. कर्ज, दारू, सासू-सून, धानाचा भाव, काहीही सुटत नाही. रात्रभर तो सगळ्यांविषयी बोलतो. स्वतःविषयी तेवढा बोलत नाही. उजाडल्यावर साडी नेसलेला गडी तोंडावरचा रंग धुतो आणि धानाच्या बांधीवर कामाला जातो. गाव त्याला नावाने हाक मारण्याआधी त्याच्या सोंगाची नक्कल करते.

नाटकाचा पसारा याहून मोठा. त्याची पेठ म्हणजे लाखांदूरला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातले वडसा-देसाईगंज. दसऱ्यापासून तिथल्या रस्त्यावर नाट्यमंडळांच्या पाट्या लागतात. पन्नासच्या आसपास मंडळ्या तिथून तारखा देतात आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांतल्या गावांकडे गाड्या निघतात. नाटक रात्री दहाच्या सुमारास उघडते आणि पहाटेपर्यंत चालते. सदानंद बोरकरांसारख्या नाटककारांनी या रंगमंचावर शेतकऱ्यांच्या आत्महत्येसारखा विषय आणला. अशा विषयातही विनोदी प्रवेश लागतोच, आणि त्यातले पुष्कळसे नट जागेवर रचतो. त्या रात्री उच्चारलेली वाक्ये नाटककाराच्या वहीत नसतात. दुसऱ्या गावात ती बदलतात. म्हणजे हा नट आपल्या कामाचा निम्मा लेखकही असतो, पण लेखक म्हणून त्याला कोणी ओळखत नाही.

पवनी तालुक्यातल्या एका मंडईत मी पडद्यामागे बसलो होतो. थंडी कडाक्याची होती. विनोदी नट मफलर गुंडाळून पोशाखाच्या लोखंडी पेटीवर बसला होता, हातात चहाचा कागदी पेला. शेजारच्या ऑर्गनवाल्याशी त्याचे बोलणे चालले होते ते धान खरेदी केंद्रावर नंबर कधी लागेल याविषयी. खूण मिळाली तसा पेला ऑर्गनवाल्याच्या हातात दिला, मफलर काढला, चालीत एक लचका आणला आणि पडद्यातून गेला. बाहेर हशा फुटला, तो कितीतरी वेळ थांबेना. परत आला तेव्हा दम लागला होता. पेटीवर बसून त्याने चहा मागून घेतला आणि धानाचे बोलणे जिथे सोडले होते तिथूनच पुढे सुरू केले.

हे पाहिल्यापासून 'हसऱ्या मुखवट्यामागचे अश्रू' हा आपला लाडका विचार मला पटेनासा झाला आहे. विदूषक आतून दुःखीच असतो असे मानले की आपली जबाबदारी संपते. त्याला काही विचारावे लागत नाही. झाडीपट्टीच्या नटाचे एकटेपण कामाच्या रचनेतून येते. हंगामात रात्र मंचावर, पहाट गाडीत, दिवस झोपेत. घरच्यांशी बोलणे फोनवर. लेकराच्या शाळेतला कार्यक्रम, म्हाताऱ्या आईचा दवाखाना, सगळे हुकते. मार्च-एप्रिलपर्यंत हंगाम सरतो आणि मग शेती, मजुरी, रंगकाम, जे मिळेल ते. काल हजार माणसे ज्याच्यावर लोटली त्याच्याकडे पावसाळाभर कोणी फिरकत नाही. मानधन नाईटवर, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगावर ठरते, आजारी पडलात तर नाईट गेली. २०२० च्या दिवाळीनंतरचा हंगाम कोरोनाने जवळजवळ गिळलाच, तेव्हा हा धागा किती कच्चा आहे ते सगळ्यांनी पाहिले. वडशावरून दौऱ्याला निघणाऱ्या स्त्री कलावंतांचे एकटेपण आणखी निराळे आहे, आणि त्यावर बोलताना त्यांच्या सुरक्षिततेचा, निवासाचा, लोकांच्या नजरेचा प्रश्न टाळून चालणार नाही.

या रंगभूमीच्या विनोदाला सरकारदरबारी मान मिळाला तो २०२३ साली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका अशी त्यांची नोंद त्या वेळी सांगितली गेली. या भागात लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. आनंद वाटला. पण कोंडक्यांना अनिता पाध्ये भेटल्या तशी धीराने ऐकणारी माणसे इथल्या गमत्यांना, नाच्यांना, विनोदी नटांना कधी भेटणार? एका माणसाच्या अंगात आठशे माणसे राहून गेली असतील तर त्यांच्याविषयी विचारायला एक हिवाळा पुरायचा नाही.

अभ्यासाची पायाभरणी झालेली आहे, हे इथे कृतज्ञतेने सांगायला हवे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडारीवर लिहिले, झाडीबोलीचा शब्दकोश केला, झाडीबोली साहित्य मंडळ उभे केले. नव्वदच्या दशकापासून या बोलीची संमेलने भरत आहेत. कलाप्रकार लिहिला गेला, बोली लिहिली गेली. ती बोली अंगावर वागवणारी माणसे मात्र अजून पुरेशी लिहिली गेलेली नाहीत. तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा २०२२ चा चित्रपट या दुनियेत शिरला, आणि इथलेच कलावंत पडद्यावर आणून त्याने एक दार उघडले.

लिहिण्याला एक रोकडे कारणही आहे. राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंत यांना एकाच योजनेतून महिना ५,००० रुपये मानधन देते. लेखक आणि गमत्या तिथे एकाच यादीत बसतात, हे मला फार योग्य वाटते. पण त्यासाठी कलेच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. लेखकाकडे पुस्तक असते. आयुष्यभर मशालीच्या आणि नंतर बल्बच्या उजेडात उभ्या राहिलेल्या माणसाकडे काय असणार? जी रात्र गेली तिचा कागद होत नाही. त्याच्याशी झालेले बोलणे टिपून, तारीख-गाव घालून छापले तर तो निदान एक कागद होईल.

मात्र ही बोलणी गोडगोड होता कामा नयेत. खूप वर्षे हसवत आलात, धन्य आहात, एवढ्यावर संपणारी मुलाखत न घेतलेली बरी. पहिल्या नाईटचे किती मिळाले आणि ते घरी कोणाच्या हातात दिले? तोतऱ्या, लंगड्या माणसावरचे विनोद अजून करता का, आणि समोर तसा माणूस बसलेला असेल तर? दोन अर्थांच्या वाक्यांची मागणी गाव करते की मंडळी? कोणता विनोद तुम्ही कायमचा टाकून दिला, आणि का? आवाज बसला त्या हंगामात घर कसे चालले? रात्री परत आल्यावर दार कोण उघडते? हे विचारायला धीर लागतो आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायला त्याहून जास्त. उत्तर झाडीबोलीत आले तर ते झाडीबोलीतच लिहा. प्रमाण मराठीत त्याला इस्त्री करू नका.

भंडारा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे मराठी विभाग, साहित्य मंडळे आणि मंडईच्या गर्दीत मोबाइल उंच धरून चित्रण करणारी तरुण पोरे, तिघांना माझी विनंती आहे.  या वर्षी एका गमत्याशी, एका विनोदी नटाशी, एका नाटककाराशी बोला. मंडईच्या रात्री नको, तेव्हा त्यांना फुरसत नसते. हंगाम सरल्यावर, एप्रिल-मे महिन्यात त्यांच्या घरी जा. परवानगी घ्या, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, लिहिलेले त्यांना आधी वाचून दाखवा आणि मगच छापा.